डायरेक्ट केलेला पंखा

बसा साहेब. त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय ढिला आहे. इकडं बाकड्यावर बसा. अर्धा तास तरी लागन. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मी उघडत नाही. वीस वर्षांपूर्वी एकदा घाईत उघडलं होतं, हे पाहा मनगट. गाडी आधी थंडी होऊ द्या. तुमाले एक वाजेपर्यंत हिंगण्याले पोचायचं आहे, मागच्या सीटवर म्हातारी माय आहे, सगळं समजलं मले. त्यांले गाडीत नका ठेवू. निंबाखाली खाट टाकून दिली आहे, पडू द्या थोडं.

अन् ते डायरेक्टचं म्हणाल तं ते माझ्याकडून होणार नाही. सेन्सर गेला असन तं नवा टाकून देईन, आता मिळते नागपुरात. नाही मिळाला तं गाडी इथं ठेवा अन् बसनं जा. सगळे मिस्त्री डायरेक्ट करून देतेत, मंग रुपरावच काहून नाही म्हणते, हेच विचारायचं आहे ना तुमाले? सगळेच विचारतेत. मी काहीतरी सांगून टाळतो. आज खरं सांगतो. थकलो बावा मी, खोटं बोलाले बी ताकत लागते.

या छोट्या गाड्या नागपुरात आल्या तेव्हा आम्ही जुने मिस्त्री त्यांले हात लावाले भ्यायचो. आमाले सवय जुन्या मोठ्या गाड्यांची. त्यांचा पंखा बेल्टवर, इंजिन फिरलं की पंखा फिरला. या गाडीचा पंखा बिजलीवर. रेडिएटरले खालच्या अंगानं अंगठ्याएवढा पितळी सेन्सर बसवलेला असते. पाणी तापलं की तो आतल्या आत दोन तारा जोडते, पंखा सुरू होते. पाणी निवलं की सोडून देते. आपल्या इकडच्या मे महिन्यात हा सेन्सर लवकर जाते, अन् तेव्हा नवा मागवला तं पंधरा दिवस लागायचे. मंग आम्ही सेन्सरच्या दोन्ही तारा ओढून एकमेकींले पिळा मारून द्यायचो. चाबी लावली की पंखा चालू, चाबी काढली की बंद. यालेच म्हणतेत डायरेक्ट. दहा मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश. मी असे शंभर तरी पंखे डायरेक्ट केले असन.

शहाऐंशीचा मे होता. गोपाळराव म्हणून हिंगण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, राहाले इथंच प्रताप नगरात, माझ्या गॅरेजपासून चार गल्ल्या. सकाळी साडेअकराले आपली पांढरी गाडी घेऊन आले. पंखा फिरत नाही म्हणे, अन् हिंगण्याच्या पुढं भाचीचं साक्षगंध आहे, मायले घेऊन जायचं आहे. माझ्यापुढं आधीच तीन गाड्या उघड्या पडल्या होत्या. मी सेन्सर काढून बी नाही पाहिला. तारा ओढल्या, पिळा मारला. खरं तं त्यावर सोल्डर मारा लागते, नाहीतर पिळा धक्क्यानं सुटते. पण सोल्डरची इस्तरी तापवाले वेळ कोण देते? काळी टेप बी संपली होती. सकाळीच माझं बोट कापलं होतं, त्यावर पांढरी चिकटपट्टी होती. तीच काढली अन् तारांवर गुंडाळली. मनात म्हटलं, संध्याकाळी परत आले की नीट करून देऊ.

म्हातारी मागच्या सीटवर बसून होती. पार्वतीबाई नाव. हिरवं लुगडं, अंगानं इतकी बारीक की सीटवर कोणी आहे असं वाटत नव्हतं. गोपाळराव सामोरच्या पानठेल्यावर गेले होते. मी हात पुसत होतो तं तिनं खिडकीतून विचारलं, भाकर खाल्ली का गा? म्हटलं, खाईन दुपारी. मंग तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत कांदा होता. आपल्या इकडं उन्हात निघालं की कांदा जवळ ठेवतेत, तुमाले काय सांगायचं. अंगावरचं ऊन तो आपल्यात ओढून घेते. म्हणाली, दोन घेतले होते घरून, एक गोपाळच्या खिशात टाकला, हा माझा. तू घे.

"अन् तुले, माय?" मी विचारलं.

"मी तं गाडीत बसून राहीन. मले कुठचं ऊन लागते? तू उन्हात काम करून राहिला. ठेव खिशात."

ते गेले. दीड वाजता मी डबा सोडला. भाकर होती, ठेचा होता, बायकोनं कांदा टाकला नव्हता. खिशातला काढला, बुक्कीनं फोडला अन् खाऊन टाकला. उन्हासाठी खिशात ठेवलेला कांदा खात नसतेत, हे मले लहानपणापासून माहीत होतं. भूक लागली होती, खाल्ला.

गाडी बारा चाळीसलेच बंद पडली होती, हिंगण्याच्या रस्त्यावर. हे मले दुसऱ्या दिवशी समजलं. खड्ड्यांनी पिळा सुटला, पंखा थांबला, पाणी उकळून बाहेर आलं. आजूबाजूले एक झाड नव्हतं. गोपाळराव पाणी आणाले पायी निघाले. लू आत शिरू नये म्हणून चारही काचा त्यांनी आपल्या हातानं वर केल्या, अन् मायले म्हणाले, आलोच. पाणी घेऊन परत याले त्यांले सव्वा तास लागला. ते उन्हात पायी गेले अन् नीट परत आले, खिशात कांदा होता. म्हातारी गाडीच्या सावलीत बसल्या बसल्या गेली.

गाडी दोरीनं ओढून माझ्याकडंच आणली. सगळे गेल्यावर मी बोनेट उघडलं. दोन्ही तारा वेगवेगळ्या लोंबत होत्या, पट्टी एका तारेवर लटकलेली. अन् मी काय केलं असन सांगा? पिळा पुन्हा मारला. पट्टी पुन्हा गुंडाळली. गोपाळरावच्या साळ्याले सांगितलं, रेडिएटरमध्ये पाणीच कमी होतं, पाहून निघायचं होतं. तेरवीले गेलो तं गोपाळराव भिंतीकडं पाहत बसले होते. मले म्हणाले, "तुमचं काम बरोबर होतं, रुपराव. पाणी मी पाहिलं नाही. काचा मी लावल्या." मी मान हलवली, पंगतीले बसलो, पोटभर जेवून घरी आलो. आता सांगताना बी लाज वाटते मले. महिन्याभरात त्यांनी गाडी विकून टाकली.

पाणी आणू का तुमाले? माठ तिकडं आहे. राहू द्या, मीच आणतो. घ्या.

तं पुढच्या सालचा मे. उत्तराताई म्हणून एका शाळेतल्या बाई निळी गाडी घेऊन आल्या, दलालाकडून घेतलेली. त्यांच्या सासू यमुताई यांले रामदासपेठेतल्या दवाखान्यात रोज दुपारी एक वाजता शेक घ्याले न्यायचं होतं. एक बी दिवस चुकवायचा नाही असं डॉक्टरनं बजावलं होतं, अन् नऊ दिवस अजून उरले होते. गाडी मात्र रोज दगा देऊन राहिली होती. बाई सांगत होत्या, गाडी दारात उभी असते, चाबी माझ्या पर्समध्ये असते, अन् भर दुपारी पंखा आपोआप सुरू होते, इंजिनच्या तापाचा काटा लालवर जाते. निघाच्या वेळेले पाहावं तं बॅटरी उतरलेली. जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं, म्हणजे सहजच. सासूबाई मागच्या सीटवर एकदम कडेले सरकून बसतेत. ऐसपैस बसा म्हटलं तं म्हणतेत, जागा नाही.

मी बोनेट उघडलं. वरून निळा रंग, आतून पांढरा. रेडिएटरपाशी वाकलो तं दोन तारांवर चिकटपट्टी दिसली. पिवळी पडली होती, अन् त्यावर माझ्याच बोटाच्या रक्ताचा डाग होता, वाळून काळपट झालेला. मी तसाच बोनेटले धरून उभा राहिलो. बाईनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, उद्या दुपारपर्यंत राहू द्या गाडी, उद्याचा दिवस ऑटोनं न्या त्यांले.

त्या दिवशी मी दुसऱ्या गाडीले हात लावला नाही. नवा सेन्सर आणला. चहाचा गंज स्टोव्हवर चढवून त्यात पाणी ठेवलं, सेन्सर तारेनं आत सोडला अन् त्याले बल्ब जोडला. पाणी उकळाले आलं तसा बल्ब लागला, निवलं तसा विझला. म्हणजे सेन्सर चांगला. काट्याची तार काढून इंजिनच्या लोखंडाले टेकवली, काटा सरळ लालवर. तार दूर केली, काटा खाली. म्हणजे काटा बी चांगला. फ्यूज बदलला, पंख्याची मोटर खोलून साफ केली. तारा सोल्डर केल्या, वरून नळी चढवली. जे मागच्या साली करायचं होतं ते सगळं केलं. ती पट्टी फेकून द्याले हात होत नव्हता, खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी गाडी या टिनाखालीच उभी होती, जिथं आता तुमची आहे. रात्रभर सुरू केली नव्हती, इंजिन थंडं. मेच्या दुपारी इकडं कसं असते ते तुम्ही पाहूनच राहिले. कुत्रं नालीत झोपलेलं, सगळ्या खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, शेजारच्या घरातल्या कूलरची घरघर तेवढी चालू अन् त्याच्या वाळ्याचा ओला वास. मी बॅटरीची तार काढून जमिनीवर ठेवली अन् या बाकड्यावर बसलो. मनात म्हटलं, आता फिरून दाखव.

बारा चाळीसले शेजारचा कूलर थांबला. लाईट गेली असन. सगळं एकदम गप्प झालं... अन् त्या गप्पपणात पंखा सुरू झाला. आधी हळू, पाती एकेक दिसत होती. मंग जोरात. बॅटरीची तार माझ्या पायाशी पडून होती. मी उठून रेडिएटरले हात लावला. माठाले हात लावावा तसा गार. मागच्या दाराच्या कडीले हात लावला तं फोड आला.

आत पाहिलं. काटा लालच्या बी पार जाऊन टेकला होता. वाळ्याचा वास गेला अन् तापलेल्या रेक्झिनचा आला, अन् त्याच्या आतून कांद्याचा. मागच्या काचेवर आतून वाफ धरली होती. मे महिन्यात, नागपुरात, काचेवर वाफ. त्या वाफेत एक तळवा उमटला... बारीक बोटं, खाली घसरत गेली.

"गोपाळ आला का गा... पाणी घेऊन?"

आवाज काही भयंकर नव्हता, साहेब. नुसता थकलेला होता. दिवसभर कोणाची वाट पाहून माणूस बोलते तसा.

"नाही आला, माय," मी म्हटलं. "त्याची चूक नव्हती... तार माझी सुटली."

पंखा फिरत राहिला. मंग आतून आलं...

"मले काहून सांगते? त्याले सांग."

मंग शेजारचा कूलर घरघरला, पंखा थांबला. काच कोरडी होती.

तुम्ही म्हणाल, त्याच संध्याकाळी हा गोपाळरावकडं गेला असन. नाही गेलो. चार गल्ल्यांचा रस्ता. आज जातो, उद्या जातो. मिस्त्रीजवळ नावाशिवाय काय असते, अन् माझ्या दोन पोरी लग्नाच्या होत्या. उत्तराताईंले गाडी देऊन टाकली, सगळं नवं टाकलं म्हणून सांगितलं. ते काही खोटं नव्हतं. गाडी दोन दिवस नीट चालली, अन् मी स्वतःले म्हणालो, झालं, तिले सांगितलं तेवढ्यात भागलं.

तिसऱ्या दिवशी पाऊण वाजता बाजूच्या किराणा दुकानात माझ्यासाठी फोन आला. उत्तराताई होत्या. रामदासपेठेच्या वाटेवर गाडी उकळून बंद पडली, या वेळेले पंखाच फिरला नाही म्हणाल्या. रस्त्यावर ऑटो मिळत नव्हता म्हणून त्या शोधत चौकापर्यंत आल्या होत्या. मी विचारलं, यमुताई कुठं आहेत? म्हणाल्या, गाडीतच आहेत, लू लागू नये म्हणून काचा लावून आली.

मी फोन तसाच टाकला अन् सायकल काढली. डोक्याले दुपट्टा बी नव्हता. वाटेत काय दिसलं, कोण भेटलं, काही आठवत नाही. एकच मनात, की ही दुसरी. एक मारली, आता ही दुसरी. गाडी दिसली तेव्हा त्यांले आत बसून चाळीस मिनिटं झाली होती. उत्तराताई दुसऱ्या बाजूनं ऑटो घेऊन पोचतच होत्या. मी दार ओढलं.

आतून गार हवा आली. वाळ्याच्या ओल्या वासाची. यमुताई कडेले सरकून झोपल्या होत्या, कपाळावर घामाचा थेंब नाही. मी हात धरला तं हात गार होता, पण जिवंत माणसाचा गार. त्यांनी डोळे उघडले, बाजूच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं.

"गेली का ती बाई?" त्या म्हणाल्या. "पदरानं वारा घालू घालू थकली बिचारी. म्हणत होती... रुपराव अजून गेला नाही."

माझं नाव त्यांले कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांले ऑटोत बसवलं, मंग बोनेट उघडलं. तारा जागच्या जागी, सोल्डर पक्का. पाणी टाकून चाबी लावली, काटा चढला अन् पंखा आपल्या वेळेवर फिरला. गाडीत काहीच बिघाड नव्हता.

तिथून सरळ गोपाळरावच्या घरी गेलो. त्यांची रात्रपाळी होती, घरीच होते. भर दुपार, अन् घराचं दार उघडं, सगळ्या खिडक्या उघड्या. आत भट्टी पेटल्यासारखी लू वाहत होती, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. एक साल झालं, त्यांनी घरातली एक खिडकी लावू दिली नव्हती. बायको-पोरं उन्हाळाभर माहेरी राहाले लागली होती, त्यांले ते घर सोसत नव्हतं. गोपाळराव त्या झळीत एकटे बसून होते.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पिळा, पट्टी, पाणी कमी होतं म्हणून बोललो ते. पट्टी खिशातून काढून त्यांच्यासमोर ठेवली. ते चिडले नाहीत. मंग हळूच म्हणाले, "एक सांगा, रुपराव. घरून निघताना मायनं दोन कांदे घेतले होते. एक माझ्या खिशात निघाला. तिची गाठ रिकामी होती. मी सीटखाली शोधला, रस्त्यावर जाऊन शोधला. सालभर मी हाच विचार करून राहिलो, की तिनं आपला बी मलेच दिला का... मले आठवत नाही का... तो कांदा कुठं गेला?"

तारेचं सांगणं सोपं होतं साहेब. तारेची चूक कोणाच्या बी हातून होते. हे सांगणं तसं नव्हतं.

"तिनं मले दिला," मी म्हटलं. "मी खाल्ला. भाकरीसोबत."

वाटलं, मारतील. मारलं असतं तं बरं झालं असतं. ते उठले अन् एकेक करून खिडक्या लावत गेले, सगळ्या लावल्या. खोलीत अंधार झाला. मंग त्या अंधारात खाली बसून ते रडाले लागले, सालभराचं. मी ऐकत उभा राहिलो. थोड्या वेळानं म्हणाले, जा आता. मी निघालो.

त्या दिवसापासून ती निळी गाडी कधी बिघडली नाही. यमुताईंचे शेक पूर्ण झाले, अजून आहेत त्या, आता ऐसपैस बसतेत. गोपाळरावची बायको-पोरं परत आली. ते माझ्याशी बोलत नाहीत, रस्त्यात दिसलो तं दुसरीकडं पाहतेत. बरोबर आहे त्यांचं. पोरींची लग्नं व्हायची तशी झाली, मी उगाच भेत होतो.

पण एक राहिलं. तेव्हापासून दर मे महिन्यात, रोज बारा चाळीस झाले की माझ्या खिशात कांदा निघते. बायको ठेवत नाही, घरात कांदा आणणंच मी बंद केलं आहे. गरम असते, आताच कोणी पदरातून काढून दिल्यासारखा. मी खात नाही. त्या निंबाखाली गाडून देतो. दोन सालं झाली, एकाले बी कोंब आला नाही.

चला, निवली असन तुमची गाडी. किती वाजले?

बारा चाळीस. हो ना.

थांबा जरा. हा पाहा. हात लावून पाहा... लागलं ना गरम? अन् हा... हा दुसरा. रोज एकच निघते साहेब. आज दोन आहेत.

हा तुम्ही धरा. मायच्या पदराले बांधून द्या, अन् हिंगण्याले आज नका जाऊ, ऐका माझं. सेन्सर मी उद्या टाकून देतो.

पण तुमची माय त्या खाटेच्या कडेले काहून सरकून झोपली? खाट तं मी मोठी टाकली होती...